सर्व्हरचं नाव

जव्हारच्या प्रशिक्षण केंद्रात लिनक्सचा वर्ग चालू होता. सगळ्यांच्या फाइली एकाच सर्व्हरवर ठेवायच्या आणि तिथून त्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर दिसायला हव्यात, हे काम सरांनी मोखाड्याच्या गौराला दिलं. सर्व्हरला नावही तिनंच ठेवलं, येसू. ते तिच्या आईचं नाव आहे, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

बाजाराच्या दिवशी आई लेकीला बघायला आली आणि लाजून दाराशीच बसली. तेवढ्यात एक मुलगा ओरडला, "माझी फाइल कुठं गेली?"

"येसूकडे असेल," शेजारी बसलेला नीलेश म्हणाला. "सगळ्यांचं येसूकडेच असतं. तिलाच माग."

आई दचकून उभी राहिली. या पोरांना आपलं नाव कसं ठाऊक? तिनं घाईघाईनं लेकीसाठी आणलेलं फडकं सोडलं.

"नागलीच्या चारच भाकरी हायत रं पोरांनो. पण तुकडा तुकडा पुरंल सगळ्यांना."

गौरा समजावून सांगायला उठली होती. पण मुलं आईभोवती जमलेली पाहिली आणि तीही हात पुढे करून त्यांच्यात उभी राहिली.