पाणी मारलं का?

पडद्यावर भालचंद्र मोहिते डोळे चोळत जागे झाले.

"कुमुद, तिसऱ्या खांबाला पाणी मारलं का?"

"अहो, सकाळीच मारलं," त्यांची बायको साताऱ्याहून म्हणाली.

तो खांब पडून अकरा वर्षं झाली होती. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या एका देशात परदेशी लष्कराच्या पैशातून मोहिते पूल बांधत होते. स्फोटात पूल गेला, मोहितेही गेले. मागे राहिली त्यांच्या हेल्मेटने टिपलेली मनाची नक्कल. कुमुदने भरपाईचा दावा लावला होता, आणि दाव्यातला साक्षीदार निकालापर्यंत पुसायचा नाही, असा कायदा होता. वर्षातून एकदा, सुनावणीपुरतं, त्यांना उठवायचे आणि नंतर तेवढी आठवण पुसायचे.

निकाल लागतच नव्हता. लष्कराचा लवाद म्हणे, पूल त्या देशाचा, तिकडे जा. तिथलं कोर्ट म्हणे, पैसा लष्कराचा, तिकडे जा. कुमुदलाही घाई नव्हती. निकाल लागला की हा चेहराही जाणार होता. "त्यांना कुठे काय कळतंय," असं ती वकिलांना सांगायची.

आज मोहिते तिच्याकडे बघत राहिले.

"मागच्या दहा वेळाही तू हेच म्हणालीस," ते हळूच म्हणाले. "आता मला झोपू दे गं."

कुमुद उभी राहिली. "साहेब, मी दावा मागे घेते. सोडा त्यांना."

दुभाषी यंत्रातून लवादाच्या अध्यक्षांचं उत्तर मराठीत आलं. "बाई, दावा मागे घेऊ द्यायचा अधिकार आमचा की तिथल्या कोर्टाचा, हे आधी ठरवावं लागेल. पुढच्या वर्षीची तारीख घ्या."