शून्य तक्रारींचा सत्कार

शाल पुढे येताच हेमांगीने हात मागे घेतला. "साहेब, आधी एक सांगायचंय."

नगरपालिकेच्या सर्व्हरवर तक्रारींचे ईमेल उघडणारा प्रोग्राम तिनेच बसवला होता. त्यातली जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला आयता कोड, मेल उघडला की त्याच्यावर 'वाचलेला' अशी खूण करायची. ती खूण बंद करायला हेमांगी विसरली. तक्रार कक्षातल्या दळवीबाई फक्त न वाचलेले मेल बघत. आठवडाभर त्यांना एकही दिसला नाही. हेमांगीच्या प्रोग्राममुळे गाव सुखी झालं असं समजून मुख्याधिकारी साहेबांनी तिचा सत्कार ठेवला.

हेमांगीने भर सभागृहात हे सगळं सांगितलं.

"म्हणजे तक्रारी वाचून झाल्यात," साहेब शांतपणे म्हणाले. "मग हरकत काय?"

"मशीनने वाचल्यात, साहेब. माणसाने नाही."

"आधी तरी कोण वाचत होतं?"

"मी," मागच्या रांगेतून दळवीबाई उठल्या. "एकूण एक. चल गं पोरी, आधी त्या खुणा काढून दे."

शेजारच्या कक्षात हेमांगीने खुणा पुसल्या. बाईंनी चष्मा लावून पहिला मेल वाचला. भोईआळीत सोमवारपासून नळाला पाणी नव्हतं. त्यांनी लगेच पाणी विभागाच्या इंजिनिअरला फोन लावला. तो भिंतीपलीकडे, साहेबांच्या भाषणात खणखणला.

"भाषण संपलं की बघतो, बाई," इंजिनिअर कुजबुजला.

"भाषणानं हंडे भरत नाहीत. निघा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हेमांगीने पुढचा मेल उघडला.