आरसी बुकातला अंगठा

"दलालले कागद मांगशी त सौदा मोडी जाई," असं सासूबाई मंगलाबाईंनी निघताना बजावलं होतं. जयश्रीने ते हसण्यावारी नेलं. बी.ए. काय भिंतीवर टांगायला केलं होतं?

आता उधन्याच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात, लेकीला, छोट्या गायत्रीला, कडेवर घेऊन ती रिक्षाचं आरसी बुक वाचत होती. दलाल रमणभाई बशीतल्या चहावर फुंकर घालत तिच्याकडे बघत होता. रिक्षा जुनी, पण फक्कड होती. चेतन, तिचा नवरा, इंजिन चाचपून काळे झालेले हात घेऊन सीटवर बसला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता. रंगाच्या मिलने त्याची छाती पोखरली होती. पंच्याण्णवची दिवाळी त्या वाफेत काढू नकोस, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

बुकात मालकाच्या, निंबा राघोच्या, नावापुढे अंगठा होता. विक्रीच्या फॉर्मवर मात्र झोकदार सही.

मालक कुठं आहेत, तिने विचारलं. गावी गेलाय म्हणत रमणभाईने न मागताच हजार रुपये उतरवले. तिने अंगठ्यावर बोट ठेवलं. हे सही करायला कधी शिकले? आणखी हजार उतरले, वर नवं टायर. चेतनने तिला कोपर मारलं.

"भाव पाडू नका, भाई. हवं तर वाढवा. पण माणूस दाखवा."

"बेन, तमारे रिक्षा लेवी छे के मालक?" रमणभाई म्हणाला. यार्डभर हशा पिकला.

तिने बुकातला पत्ता तळहातावर उतरवून घेतला. पत्ता पांडेसऱ्यातल्या एका चाळीचा होता. वाटभर चेतन नुसता खोकत राहिला.

चाळीतल्या शेजारणीने दारातच सांगितलं, म्हातारा नशीबवान. कंबर मोडून तीन महिने पडून आहे, पण पुतण्या, किसन, दोन्ही वेळ गरम डबा आणतो, हाताने भरवतो. जयश्री ओशाळली. उगाच संशय घेतला.

खाटेवरून निंबाआबांनी चेतनचे काळे हात पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गॅरेजमधून उनात का? किसन म्हने, इंजिन खोलेल शे. व्हयनी का गाडी तयार?"

चेतनने जयश्रीकडे पाहिलं. एक 'हो' म्हणायचा अवकाश होता, आबांना काही कळलं नसतं. जयश्रीने लेकीला खाली ठेवलं, खाटेच्या कडेवर बसली आणि गाडी गॅरेजात नाही, खोट्या सहीने विकायला काढलीय, हे आबांना सांगितलं. चेतन उंबऱ्यावर पाठ फिरवून उभा राहिला.

चाळीतल्या चौघांनी त्याच संध्याकाळी रिक्षा परत आणली. आबांचा जावई ती चालवायला आला. सोमवारी चेतन पुन्हा मिलमध्ये गेला आणि जयश्री दुसऱ्या यार्डात.

तुमच्याकडे तिचं एकच मागणं आहे. शेजारी असं कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर आजच जाऊन या. डबा वेळेवर येतो का, ते विचारू नका. घरातलं काय काय दुरुस्तीला गेलंय, ते विचारा.