दशक्रियेतलं भाषण

मारुतरावांनी रविराजशेठकडून जुनी गाडी घेतली. शेठ गावातलाच, म्हणून पावतीही मागितली नाही. महिना सरायच्या आत गाडी जागोजागी बंद पडू लागली. मुलगी जयमाला जाब विचारायला गेली, तर शेठ म्हणाला, "ताई, गाडी मी इकलीच न्हाई. नुसती गाठ घालून दिली. मूळ मालकाला धरा."

जयमाला वकिलाकडे गेली. वकीलबाई म्हणाल्या, "ग्राहक आयोगात दाद मागता येईल. पण गाडी त्यानंच विकली, हे दाखवायला काहीतरी हवं."

पुढच्याच आठवड्यात मारुतरावांच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या वाटेवर, भोसरीच्या पुलावर, गाडी बंद पडली ती पडलीच. दुसरं वाहन मिळून दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. परगावच्या नातेवाइकांसाठी जयमाला मोबाईलवर चित्रण करत होती. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या रविराजशेठने माईक हातात घेतला.

"मारुततात्यांचा माझ्यावर लई जीव," कोरड्या डोळ्यांना रुमाल लावत शेठ म्हणाला. "त्यांची शेवटची गाडी बी मीच दिली. सोता तपासून, घरच्या भावात. पण कधी एका शब्दानं तक्रार केली न्हाई माणसानं."

जयमाला उठली आणि मोबाईल घेऊन अगदी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.



"शेठ, मागं नीट ऐकू आलं नाही. गाडीचं तेवढं पुन्हा सांगा."