काळं नाणं

परदेशात कुठंही गेले की मी नाण्यांचं दुकान शोधतेच. बाबांना जुन्या नाण्यांचा भारी नाद होता. इथल्या दुकानात एक काळंकुट्ट नाणं दिसलं आणि मी ते सवयीनं रुमालानं पुसायला लागले. "थांबा हो!" म्हातारा दुकानदार ओरडलाच. "हा काळेपणा चढायला शंभर वर्षं लागतात. घासलं की नाण्याची माती झाली, कोणी विचारत नाही मग." माझा हात जागीच थांबला. नऊ वर्षांची असताना बाबांच्या वाढदिवसाला मी त्यांची सगळी नाणी घासूनपुसून लख्ख केली होती. बाबा बराच वेळ बघत राहिले, मग माझी काळी बोटं हातात घेऊन म्हणाले, "काय चमकवलीस गं!" त्यानंतर त्यांनी एकही नाणं आणलं नाही. "नाद सुटला," म्हणायचे. आपण ओरडलो म्हणून दुकानदार वरमला. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही कधी?" "नाही सांगितलं," मी म्हटलं, "शेवटपर्यंत."