ह्यांचं भिंग

ह्यांचं मृत्युपत्र सापडेना म्हणून दोन्ही मुलांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान उलटंपालटं केलं. "आई, तू उठू नकोस," दहादा म्हणाले. एवढी काळजी जन्मात पाहिली नव्हती. तेवढ्यात बंद घड्याळ घेऊन गिऱ्हाईक आलं. "आता मालक मीच," म्हणत थोरल्यानं ह्यांचं भिंग डोळ्याला लावलं, घड्याळ उघडलं आणि कणभर स्क्रू उडवला. दोघे भाऊ फरशीवर रांगू लागले. वीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसलेल्या लेकीनं आवाजावरूनच कपाटाखाली बोट घालून स्क्रू काढला आणि घड्याळ चालू केलं. "ताई, वाचवलंत!" गिऱ्हाईक म्हणालं. थोरल्यानं भिंग शर्टाला पुसून तिच्यापुढे ठेवलं. "कागद मिळो न मिळो, दुकान तुझंच गं." धाकट्यानंही मान डोलावली. मग मी खुर्चीवरून ऐटीत उठले. त्याच खुर्चीच्या गादीखाली मी दडवलेल्या कागदात हेच लिहिलं होतं; पण ते आधी भावांनी म्हणायला हवं होतं.