रंग उतरवताना

नाटकात माझी बायको पुरुषांची मेंढरं करणाऱ्या मायाविनीचं काम करायची आणि तिचा चेहरा मीच रंगवायचो. तो इतका जमायचा, की एखाद्या दिवशी उतरलाच नाही तर, अशी मला धास्ती वाटायची. म्हणून प्रयोगानंतर तेलात बुडवलेल्या कापसाने रंगही मीच पुसायचो.

आज दुपारी शेवटचा प्रयोग झाला आणि नाटक कायमचं बंद झालं.

मी पुसत गेलो. आधी लांब भुवया गेल्या, मग गालांची झळाळी. खालून दमलेले डोळे आले, नाकावरचा चष्म्याचा वण आला, हनुवटीवरचा जन्मापासूनचा तीळ आला.

“आलीस?” मी नेहमीसारखं विचारलं.

“आले बाबा. पहिल्या रांगेत एक जण घोरत होता. त्याचं मेंढरू करायचीही गरज नव्हती.”

मी पोट धरून हसलो. सुटलो एकदाचा. आता रोज हीच बाई, हाच चेहरा, सकाळच्या चहाला हीच कुरकुर.

“चल, वाटेत भाजी घ्यायचीय,” ती उठत म्हणाली.

“थांब, हनुवटीला तेल राहिलंय.” मी कोरडा कापूस फिरवला.

तीळ कापसाबरोबर निघून आला.

“तेवढा राहू द्यायचास,” ती म्हणाली.